मगभर जुनं पाणी

आमच्या दुकानातून घरच्या टाकीसाठी रंगीत मासे नेणाऱ्या प्रत्येकाला मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांची मामी, मगभर जुनं पाणी फुकट द्यायची. एका पिशवीत मासे आणि दुसऱ्या पिशवीत हे पाणी, रबरबँड घट्ट लावून. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, माशाबरोबर पाणी देतातच की, मग ही दुसरी पिशवी कशाला? विचारलं तर मामी म्हणाली, "विरजण आसा गो ता."

मग तिनेच नीट समजावलं. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते माशांना चालत नाही. पाणी दोन दिवस उघडं ठेवलं की औषध उडतं, पण नव्या टाकीला माशांची सवय व्हायला आणखी किती तरी दिवस लागतात. लालबागच्या खोल्यांत एवढं थांबायला कुणाला जागा आहे? नळ सकाळी येतो, पिंप भरून घ्यायचं, त्यातच अंघोळ आणि भांडी. माशांसाठी वेगळं पिंप अडवून ठेवलं तर घरात भांडण. टाकी फ्रिजवर चढवून झालेली असते, पोरगं दारात उड्या मारत असतं, मासे आजच पाहिजेत. म्हणून चालत्या टाकीतलं एक मग पाणी. त्यात डोळ्यांना न दिसणारे चांगले जीव असतात, ते नव्या पाण्याला लावायचे, दुधाला विरजण लावतात तसे. मामीच्या यजमानांनी गिरणी बंद पडल्यावर हे दुकान काढलं, आणि ही पद्धत त्यांची. ते गेल्यावर दुकान मामीने चालवलं, मगही तोच ठेवला, हिरवा, कान तुटलेला.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यात. आमची माणसं ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या तलावातले मासे धरणारी. गावातली शाळा सातवीपर्यंत होती, तिथेच माझं शिक्षण थांबलं. लग्न होऊन कॉटन ग्रीनला आले, नवरा तिथल्या गोदामात कामाला. पहिल्या वर्षी मी खोलीतून फारशी बाहेरच पडले नाही. रस्ता चुकेन, कुणी काही विचारेल आणि माझी बोली ऐकून हसेल, असं वाटायचं. एकदा भाजी आणायला निघाले आणि चालत चालत लालबागपर्यंत आले. मसाल्याच्या वासाने ठसका लागला म्हणून एका काचेपुढे थांबले, तर आत मासे. मी तिथेच उभी राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. मामी बाहेर आली आणि म्हणाली, घ्यायचे नसतील तर निदान आत येऊन बघ, बाहेर ऊन आहे. मी आत गेले आणि न विचारता सांगून टाकलं, की त्या कोपऱ्यातल्या टाकीतला मासा वर तोंड काढून हवा घेतोय, त्याला पाण्यात हवा पुरत नाही. मामीने पंप बघितला. नळी निसटली होती. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला.

हे उपकार मी कधी विसरणार नाही, आणि म्हणूनच माझा जीव सारखा धाकात. आपल्या हातून काही बिघडलं तर? दुकान बंद करताना मी पंपांचे खटके तीनदा बघते, कुलूप दोनदा ओढते. मामी पायरीवर उभी राहून माझी मजा बघायची. "आता कुलपाक नमस्कार कर आनि चल," म्हणायची.

त्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी बाहेरगावच्या फार्मवरून कोई मासे आले. कोई म्हणजे मोठा होणारा रंगीत मासा, पांढऱ्यावर केशरी, काळे ठिपके. थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत. मासे ठणठणीत होते. नवीन मासे आले की ते मागच्या टबात पंधरा दिवस वेगळे ठेवायचे, हा दुकानाचा नियम. पण दिवाळीत गिऱ्हाईक किती येतं! समोरच्या टाकीत कोई संपले होते आणि लोक विचारत होते. मामी देवळात गेली होती. मी तिसऱ्याच दिवशी टबातले मासे समोरच्या टाकीत सोडले. मामी आल्यावर तिला सांगितलं, ती मान हलवून गिऱ्हाईक बघायला लागली. मला वाटलं, आपण शहाणपणा केला.

त्याच टाकीतले चार कोई मामीने मला दिवाळीची भेट म्हणून दिले. बाबांसाठी. मी बाबांबद्दल इतकं बोलायचे, की मामीला ते भेटल्यासारखेच झाले होते. आमच्या गावचा तलाव जुना, मालगुजारांच्या काळातला. मच्छीमार सोसायटीकडे तो ठेक्याने आहे. त्या वर्षी सोसायटीने रोहू, कतल्याबरोबर कॉमन कार्पचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, बरंच टाकलं होतं. आमच्याकडे त्याला सायप्रिनस म्हणतात. पाड्यातलं प्रत्येक घर त्या तलावावर. माझ्या मनात आलं, एवढ्या साध्या माशांत चार केशरी मासे फिरले तर सगळे म्हणतील, मुंबईच्या बाईने आणले. मी खोकं मांडीवर घेऊन गाडीत बसले. बरोबर बाटलीभर जुनं पाणीही घेतलं, पद्धतच होती ना.

बाबांनी मासे बघितले, नुसते उकिडवे बसून बघत राहिले. मी भाऊबीज करून निघाले. निघताना सांगितलं, आधी बाटलीतलं पाणी तलावात ओता, मग मासे सोडा. मुंबईला पोचल्यावर फोन केला तर म्हणाले, "सोडले ना बाई, सोडले."

चार दिवसांनी सकाळी दुकान उघडलं तर समोरच्या टाकीतले कोई तळाशी पडलेले. मेलेले नव्हते. एका अंगावर कलून, वाळूला टेकून, झोपल्यासारखे. काचेवर बोट वाजवलं की दचकून पोहायचे, एक चक्कर मारायचे आणि पुन्हा हळूच खाली. मी पंप बघितला, पंप चालू. पाणी थंड होतं, तेवढंच. मामी म्हणाली, थंडीचं असेल. दुपारपर्यंत दोन मेले.

संध्याकाळी आमचं एक गिऱ्हाईक आलं. गिरगावातल्या एका वाडीत राहणारी मुलगी, माशांच्या रोगांचं शिक्षण घेत होती. खाद्य घ्यायला आली होती, ते राहिलंच. तिने बाही वर केली, एक मासा हातात घेतला, कल्ला उचलून बघितला. कल्ला लाल हवा, तो फिकट आणि सुजलेला होता, त्यावर चिकट थर. मेलेल्या माशांचे कल्ले तिने तपासणीसाठी काढून घेतले. म्हणाली, अहवाल यायला वेळ लागेल, पण त्याची वाट बघत बसू नका. तिला वाटत होतं तो एक विषाणू आहे. तो कल्ल्यांत शिरतो, माशाला श्वास पुरत नाही, दमून तो तळाशी पडतो. ती झोप नसते.

माणसाला याने काही होत नाही, गोल्डफिशला नाही, रोहूला नाही. फक्त कोई आणि कॉमन कार्प. ते एकाच जातीचे, एक रंगवलेला आणि एक साधा, असं ती म्हणाली. हे ऐकताना मला आमच्या तलावातले सायप्रिनस आठवले.

मामीने विचारलं, हा आला कुठून आणि जातो कसा. मुलगी सांगत गेली. नव्या माशांतून येतो, वरून मासा धडधाकट दिसत असला तरी. फार्मवाल्यालाही कदाचित ठाऊक नसेल. एका टाकीत घातलेली जाळी दुसऱ्या टाकीत घातली की जातो. ओल्या हाताने जातो. पाण्यातून जातो, अगदी थोड्याशा. थंडीत जोर धरतो. वाचलेला मासा बरा दिसतो, पण त्याच्या अंगात तो राहू शकतो. मग तिने विचारलं, "या टाकीतलं पाणी कुणाकुणाला दिलंय?"

मामीने हिरव्या मगाकडे बघितलं. तो टाकीच्या काठावर पालथा होता. ती खुर्चीवर बसली आणि बोटांवर मोजत इमारती आठवायला लागली. मी तिच्या शेजारी उभी होते. माझी बाटली मी मोजली नाही.

त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी घरोघर फिरलो. लालबाग, परळ, वरळीच्या बीडीडी चाळी. मामीला वही लागत नाही, कुठल्या मजल्यावर कुणाच्या फ्रिजवर टाकी आहे ते तिला पाठ. प्रत्येक दारात ती स्वतःहून सांगायची, की आमच्याकडून चूक झाली आहे, कोई घेतले असतील तर ते वेगळे ठेवा, पाच लिटर पाण्याला पंचवीस ग्रॅम मीठ, पाणी गटारात टाकण्याआधी त्यात ब्लिचिंग पावडर, मासे कुणाला देऊ नका, नवीन आणू नका. पैसे परत घ्या. लोक चिडतील असं मला वाटलं होतं. एक-दोन चिडलेही. पण बीडीडीतल्या एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "चौदा दिवस ना? येतं आम्हाला. थाळी पण वाजवू का?" त्यांची सून आत हसली. मामीसुद्धा हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा.

मला मात्र हसू येईना. जिन्यावरून उतरताना माझे पाय थांबले. मामी दोन पायऱ्या खाली गेली होती, वळून बघायला लागली. मी सांगितलं. टबातले मासे आधीच समोर सोडले तेही पुन्हा सांगितलं, चार कोई आणि बाटली तलावात गेली तेही सांगितलं. म्हटलं, तलावात सायप्रिनस आहेत, सगळ्या पाड्याचं बी आहे, मी ते मारून आले. आणि मला कामावरून काढलंत तरी चालेल, असंही म्हटलं. ते खरं नव्हतं, मला अजिबात चालणार नव्हतं.

मामी दोन पायऱ्या पुन्हा वर चढली. तिचे गुडघे दुखतात, वर चढताना ती कठडा धरते.

"माज्या मगान झाला ह्यां, तुज्या हातान न्हय," ती म्हणाली. "माजे मासे मेले तर मी दुसरे आणीन. त्येंचो तलाव काय बाजारात गावतलो? आधी घराक फोन कर."

फोन लागेना. आमच्या गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आणि बाबा पाळीवर सकाळी जातात. म्हणजे रात्रभर थांबायचं. मी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला बाबा काही ओरडणार नाहीत. ओरडण्याची भीती कुणाला होती? बाबांनी मला एक शब्दही न बोलता सगळं स्वतःवर घेतलं असतं, ती भीती होती. सोसायटीच्या बैठकीत उभे राहून म्हणाले असते, माझ्या पोरीने आणलं, माझी चूक.

सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून फोन लावला. मामी आत मीठ मोजत होती, पण कान बाहेर. बाबांनी उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं, आणि मध्येच रडायला लागले.

"कायले रडून रायली बाई?" बाबा म्हणाले. पाळीवरचा वारा ऐकू येत होता. मग म्हणाले, "तलावात नाई सोडले मी."

मला कळेना. मी विचारलं, तुम्हीच तर सांगितलंत.

"तुले बरं वाटावं म्हनून सांगतलं. आपल्या हौदातच आहेत. तलावात सोडले असते तं कोनाच्या तरी जाळ्यात आले असते, खाल्ले असते. मले पाहाले पाहिजे होते." आणि थोडं थांबून, "तू हासशील म्हनून नाई बोललो. ढिवराच्या घरी मासे पाहाले ठेवते का कोनी?"

आयुष्यभर ज्या माणसाने मासा दिसला की वजन सांगितलं, तो रोज सकाळी हौदाच्या कडेला बसून चार रंगीत मासे बघत होता, आणि घरच्यांना सांगत होता की हौदाचा नळ गळतो का ते बघतोय. हे मला आईने नंतर सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतं. ती त्यांना पोळीचा चुरा करून द्यायची.

मी विचारलं, मासे कसे आहेत. ते म्हणाले, थंडीने झोपतात फार. दोन दिवसांपासून त्यांनी हौदावर पोत्याचं पांघरूण घातलं होतं.

तलाव वाचला होता, पण अजून पूर्ण नाही. हौदाचं पाणी नालीतून परसातल्या वाडीत जातं, पावसाळ्यात तिथून तलावात. आई त्याच हौदातून बादली भरून गाईला पाजते. बाबांचं जाळं त्याच भिंतीवर वाळत असतं. बगळे येतात, खंड्या येतो. मी मामीकडे बघितलं. ती दारात उभी होती. म्हणाली, त्या मुलीला विचार, तू आपल्या मनाने काही सांगू नको.

गिरगावची मुलगी दहा मिनिटांत फोनवर आली आणि बाबांशी बोलली. ती त्यांना काका म्हणत होती. तिने स्पष्ट सांगितलं, मिठाने एखादा मासा वाचेलही, पण वाचलेला मासा तलावाजवळ ठेवणं बरोबर नाही. मासे काढून, चुना टाकून खोल पुरायचे, उंचावर, तलावापासून लांब. हौदात ब्लिचिंग पावडर टाकून झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पाणी उपसून मोकळ्या जमिनीत सोडायचं, मग हौद घासून उन्हात कोरडा होऊ द्यायचा. जाळं उन्हात कडकडीत वाळवायचं. बाटलीतलं पाणी कुठे गेलं? बाबा म्हणाले, हौदातच. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी तिला एकच विचारलं, माशांना त्रास होतो का, असं पडून राहण्याचा. ती म्हणाली, होतो काका, श्वास लागतो. मग बाबा म्हणाले, ठीक आहे.

मला त्यांनी फोन ठेवू दिला नाही. चालू राहू दे, म्हणाले. पण घराकडे निघाले तशी रेंज गेली. मी कानाला फोन लावून तशीच बसले होते.

संध्याकाळी आईचा निरोप आला, भावाने पाळीवर येऊन फोन केला. बाबांनी चारही मासे स्वतः काढले, कुणाला हात लावू दिला नाही. टेकडीवर मोहाच्या झाडाजवळ खड्डा केला. हौद दुसऱ्या दिवशी उपसला, तेही नंतर कळलं. आणि सोसायटीच्या बैठकीत जाऊन त्यांनी सगळं सांगितलंच. मी म्हटलं होतं ना. पण कुणी दोष दिला नाही, उलट ठरलं, की बाहेरून बी आलं की आधी छोट्या तळ्यात पंधरा दिवस ठेवायचं, बघायचं, मगच मोठ्या तलावात. बाबा आता ते तळं सांभाळतात.

अहवाल आला. मुलीचा अंदाज बरोबर होता. आमच्या दुकानातले जे पाच कोई मिठाने वाचले ते मामीने विकले नाहीत. ते तिच्या घरी आहेत, वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीसह. त्यांचं पाणी त्या घराबाहेर ब्लिचिंगशिवाय जात नाही. हिरवा मग तिने फेकला नाही, त्यात ती आता झाडांना पाणी घालते. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की तीच सांगते, टाकी आधी पाणी भरून माशांविना चालू ठेवा, वीस दिवसांनी या. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. काही परतही येतात.

थंडीभर बाबा रोज सकाळी पाळीवरून फोन करायचे आणि तलावाची हालहवाल सांगायचे. कधी नुसतं "बरं आहे" एवढंच. एकदा पाण्यावर एक सायप्रिनस मेलेला दिसला तेव्हा माझं दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. त्याला बगळ्याने टोचलं होतं, कल्ला लाल होता.

उन्हाळ्यात तलावात जाळं ओढलं त्या दिवशी भावाने व्हिडीओ कॉल लावून फोन बाबांच्या हातात दिला. बाबांना तो धरता येत नाही. मला आधी त्यांचं अर्धं कपाळ दिसलं, मग आभाळ, मग कुणाचे तरी चिखलाचे पाय. मी आणि मामी दुकानात एका फोनवर डोकी टेकवून बघत होतो, समोर एक बाई खाद्याचं पाकीट हातात धरून थांबलेली. माणसांचा आवाज वाढला आणि पडद्यावर जाळं आलं. आत मासे नुसते उसळत होते, पिवळट पोटाचे, जाड ओठांचे. बाबांनी त्यातला एक उचलून फोनच्या इतका जवळ आणला, की काहीच दिसेना, नुसते अंगावरचे खवले.

"पाह्य," बाबा म्हणाले, "किती ताकद आहे पाह्य," आणि तेवढ्यात मासा सुटला, फोन त्यांच्या हातातून पाण्यात पडला.

त्यानंतर दोन दिवस फोन लागला नाही. मला काळजी नव्हती.